शंभर येनांचें पुस्तक

कला थोड्यांसाठीं असावी कीं सर्वांसाठीं, हा वाद विद्वानांस फार प्रिय आहे. केन दोमोन या जपानी छायाचित्रकारानें तो वाद न घालतांच निकालांत काढला, असें आम्हांस वाटतें.

दोमोन यांचा जन्म १९०९ सालीं साकाता येथें झाला. १९३९ मध्यें ते नारा प्रांतांतील मुरो-जी या डोंगरांतल्या बौद्ध मंदिरांत प्रथम गेले, आणि तेथील मूर्तींचा ध्यास त्यांना जन्माचा लागला. पण १९५७ मध्यें हिरोशिमा पाहून ते हादरले. बाँबनें होरपळलेल्या देहांवरील शस्त्रक्रियाहि त्यांनीं नजर न चोरतां टिपल्या. पुढें चिकुहोच्या कोळशाच्या खाणी बंद पडूं लागल्या, तेव्हां बेकार मजुरांच्या मुलांचीं छायाचित्रें त्यांनीं १९६० मध्यें हलक्या कागदावर छापून अवघ्या १०० येनांस विकलीं. पुस्तक घरोघर पोंचावें, एवढाच हेतु.

पक्षाघातानें त्यांना चाकांच्या खुर्चीस खिळविलें, तरी मंदिरांची यात्रा थांबली नाहीं. मुरो-जीचें बर्फ पांघरलेलें रूप त्यांना वाट पाहून पाहून १९७८ मध्यें लाभलें. पुढच्याच वर्षीं त्यांची शुद्ध हरपली, ती १९९० मध्यें मृत्यु येईपर्यंत परतली नाहीं.

कोणी म्हणेल, देवमूर्ति आणि उपाशी पोर हे दोन निराळे विषय होत. आम्हांस तसें वाटत नाहीं. मूर्तीपुढें जो इतका वेळ उभा राहतो, त्यालाच पोराच्या डोळ्यांपुढूनहि चटकन् निघून जातां येत नाहीं. दृष्टि एकच, दुसरीकडे ती स्वस्त कागदावर उतरली, इतकाच काय तो फरक.