मुखपट्टी : एका शब्दाची साक्ष

वकिलाला शब्दाच्या व्याख्येवाचून पुढे सरकता येत नाही. 2020 साली करोनाच्या साथीत तोंड झाकण्याची सक्ती झाली आणि 'मास्क' हा शब्द घरोघरी पोहोचला, तेव्हाही आम्ही सवयीप्रमाणे त्याचे कूळ शोधू लागलो. इंग्रजीत तो फ्रेंच व इटालियन भाषांतून आला. त्यापलीकडे पंडितांत मतभेद आहेत. कोणी तो चेटकीणवाचक लॅटिन 'मास्का'कडे नेतात, तर कोणी अरबी 'मस्खरा' म्हणजे विदूषक, या शब्दाकडे. दुसरे मत खरे ठरल्यास आपली 'मस्करी' ही 'मास्क'ची चुलत बहीण होय. कारण तिचे मूळही तोच अरबी शब्द. दोन्ही मतांत सोंगाचा भाव आहेच. आपला 'मुखवटा'ही त्याच वृत्तीचा. एक चेहरा झाकून तो दुसरा दाखवितो.

मराठी वृत्तपत्रांनी स्वीकारलेला 'मुखपट्टी' हा शब्द मात्र निराळ्या गोत्राचा. त्याची फोड उघड आहे : 'पट्ट' म्हणजे वस्त्र, जखमेवरची पट्टीही त्यातूनच आली. परंतु आम्ही राहतो बडोद्यास, आणि येथे या शब्दाची थोरली बहीण आमच्या कानांवर लहानपणापासून आहे. ती जैनांची 'मुहपत्ती'. 'मुह' हे 'मुख' शब्दाचेच प्राकृत रूप. स्थानकवासी साधू ती दोऱ्याने तोंडावर बांधतात; मूर्तिपूजक साधू हाती बाळगतात व बोलताना तोंडापुढे धरतात. हेतू एकच : आपल्या उच्छ्वासाने हवेतील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये. पारशी धर्मगुरू अग्नीसमोर 'पदान' बांधतात, ते आपल्या श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून. 1897 साली ब्रेस्लाऊचे शल्यवैद्य मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर विरळ कापड बांधले, तेही रोग्याच्या जखमेसाठी. तिन्ही ठिकाणी बांधणारा राखतो तो समोरच्याला.

हे सारे आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही मुखपट्टी बांधीत होतो ती दंडाच्या धाकाने. 2020 च्या ऑगस्टात गुजरातेत तो एक हजार रुपये झाला होता. रस्त्यावर नाकावर असलेली पट्टी कचेरीत शिरताच हनुवटीवर उतरे. मजकूर सांगताना शब्द स्पष्ट उमटत नाहीत, ही आमची सबब. आमचे वयोवृद्ध कारकून समोर बसून लिहून घेत आणि काही बोलत नसत.

2021 च्या एप्रिलात आम्हांस दोन दिवस कणकण आली व उतरली. आठवडाभरात कारकून रुग्णालयात होते. रोग आमच्याकडूनच गेला, याला पुरावा नाही. तसा आरोप कोणी केलाही नाही. केला असता, तर दहा मिनिटांच्या युक्तिवादात आम्ही निर्दोष सुटलो असतो.

दोन महिन्यांनी ते परत आले. जिना चढताना त्यांना धाप लागली होती. उंबरठ्याबाहेर थांबून त्यांनी आधी आपली मुखपट्टी नाकावर नीट बसविली आणि म्हणाले, "साहेब, खोकला अजून पुरता गेलेला नाही. तुम्हांला त्रास नको."

आम्ही हनुवटीवरची पट्टी वर ओढली आणि मजकूर सांगावयास आरंभ केला. त्या दिवशी चार पाने लिहून झाली. 'पुन्हा सांगा' असे त्यांनी एकदाही म्हटले नाही.