साऱ्याची पावती

गेल्या माघात हुरड्याच्या निमित्ताने इंदापूर तालुक्यातील एका खेड्यात आम्ही चार दिवस राहून आलो. या मुलखाविषयी आम्हांस कुतूहल होते. प्रिंगलसाहेबाच्या जबर आकारणीने येथील रयत गावे सोडून निजामाच्या हद्दीत गेली. पुढे १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी तीस वर्षांच्या मुदतीचा माफक सारा प्रथम याच तालुक्यात ठरविला.

परंतु सारा ठरविणे निराळे आणि रयतेच्या हातचा पैसा खजिन्यात पोहोचणे निराळे. पूर्वी पाटलाने वसूल करावा, कुलकर्ण्याने लिहावा, महाराने थैली तालुक्यास न्यावी आणि पोतदाराने नाणी पारखून घ्यावी, असा क्रम असे. वाचकांपैकी कित्येकांच्या आडनावांत हे दप्तर अजून नांदत असेल! ज्याच्या हाती साऱ्या गावचा पैसा निर्धास्त दिला जाई, त्या महारास मात्र आमच्या ओटीवर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, हेही येथे लिहिलेच पाहिजे.

कुलकर्णी वतन १९५१ साली गेले, महसुली पाटीलकी १९६३ साली. मग हे काम तलाठ्याकडे राहिले. त्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. रक्कम घेताच नमुना नऊची पावती फाडावयाची, आठ-ब मध्ये खातेदाराच्या नावे जमा मांडावयाची, आणि चलनाने ती सरकारात भरावयाची, अशी रीत. धोका असतो तो पैसा हातात आल्यापासून चलन होईपर्यंतच्या दिवसांत; आणि तेवढ्यापुरता रयतेचा आधार म्हणजे ती चिटोऱ्याएवढी पावती.

हे बोलणे चालले असता यजमानांच्या वृद्ध मातोश्री आत गेल्या आणि एक फडक्याचे गाठोडे घेऊन आल्या. त्यात साठ-सत्तर वर्षांच्या पावत्या! त्यांच्या सासऱ्यांनी एका साली ओळखीवर विसंबून सारा दिला. पावती "उद्या देतो" म्हणून राहिली. वसूल घेणारा गेला, बाकी मात्र यांच्याच नावे निघाली. सासूबाईंची नथ मोडून सारा पुन्हा भरला.

"ती दुसऱ्यांदा भरल्याची हाय," तळची पावती पुढे करीत त्या म्हणाल्या, "तुमाला वाचता येती का बगा."

पावती मोडीत होती. आमच्यापैकी एकासच ती लिपी येत होती. त्यांनी कंदिलापाशी धरून हळूहळू वाचली. सतरा रुपये आठ आणे.

"एवढंच व्हय?" म्हातारी म्हणाली, आणि गाठोडे पुन्हा बांधू लागली.