साल आणि गर

दृष्ट लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला मुळासकट उलटी टांगलेली कोरफड महिनोन्‌महिने तग धरते. ना माती, ना पाणी. कोरड्या त्वचेबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याचा पुरावा त्या टांगलेल्या झाडातच आहे. कोरफडीच्या गरात 98 टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ते उडून जात नाही याचं श्रेय गराला थोडं आणि सालीला फार. जाड, मेणचट साल आणि दिवसा मिटून रात्री उघडणारी रंध्रं हा तिचा खरा बंदोबस्त. आपण मात्र नेमकी ती साल सोलून केरात टाकतो, आतला बुळबुळीत गर चेहऱ्याला फासतो आणि ओलावा दिवसभर टिकेल अशी आशा धरतो.

गर लावल्यावर बरं वाटतं, हे खरंच आहे. त्यातल्या लांब साखळीच्या शर्करा पाणी धरून ठेवतात, त्वचेवर पातळ पापुद्रा धरतात, आणि पाणी उडताना गारवाही मिळतो. 2006 साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी कोरफडीचा अर्क घातलेली क्रीमं तपासली, तेव्हा त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातलं पाणी वाढलेलं दिसलं; पण त्वचेतून हवेत निसटणारं पाणी काही त्या अर्कामुळे कमी झालं नाही. माझा मुद्दा हाच आहे. कोरफड पाणी देते, पाणी अडवत नाही. आणि कोरड्या त्वचेचं दुखणं बहुधा अडवण्याचंच असतं: पेशींमधला स्निग्धांश साबणाने, थंडीने किंवा वयाने घटलेला असतो. तिथे नुसता गर चोपडणं म्हणजे बिनझाकणाच्या पातेल्यात पाणी ओतत राहणं. अर्ध्या तासाने गाल ओढल्यासारखे वाटतात ते उगीच नाही.

यावर कुणी 2003 सालच्या अभ्यासाकडे बोट दाखवील. कामामुळे हात कोरडे पडलेल्या 30 स्त्रियांनी आतून कोरफडीचा गर लावलेला मोजा एका हातात रोज आठ तास घातला, आणि त्या हाताची त्वचा चांगली सुधारली. सुधारली हे मान्य; पण मोजा म्हणजे झाकणच की! दुसरा हात उघडाच होता, त्यामुळे गुण गराचा किती आणि मोज्याचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. मला तर तो अभ्यास माझ्याच बाजूचा वाटतो.

माणसाच्या वयाबरोबर कोरफडीचं काम बदलतं तेही यामुळेच. तान्ह्या बाळाला आपल्याकडे तेलाने माखतात, तिथे गराची आठवण कुणाला होत नाही. सोळा-सतराव्या वर्षी तैलग्रंथी इतक्या जोमात असतात की झाकण त्वचा स्वतःच पुरवते. नुसता गर तिथे छान भागवतो. (जाहिरातीतल्या मुली त्याच वयाच्या का असतात, ते सांगायला नको.) मग भांडी-धुण्याच्या साबणाने हात रखरखीत होऊ लागतात, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या त्वचेतला तेलकटपणा झपाट्याने ओसरतो. आजीला नातीचा उपाय लागू पडत नाही तो इथे. तिने गर घ्यावा, पण अंग ओलसर असतानाच, आणि तो सुकायच्या आत वरून तेलाचा किंवा व्हॅसलिनचा हात फिरवावा.

मग थेट व्हॅसलिनच का लावू नये? लावावं की, कोरडेपणा मुरलेला असेल तर तेच भारी पडेल. पण मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत अंगभर ते कोण सहन करील? तिथे हवेतच ओलावा असतो, म्हणून हलका गर पुरतो. नागपूरच्या डिसेंबरात तो पुरत नाही. आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ म्हणणाऱ्यांनी पान कापल्यावर टोकाशी जमणारा पिवळा, कडू चीक एकदा निरखून पाहावा. तोच वाळवला की जहाल रेचक काळाबोळ होतो. सालीला चिकटून असलेला हा चीक अनेकांच्या अंगावर खाज आणतो. म्हणून पान उभं ठेवून तो निथळू द्यायचा, गर धुऊन घ्यायचा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा. बाटलीतल्या हिरव्यागार जेलचं तर बोलायलाच नको. गराला मुळात रंगच नसतो.

टाचांच्या भेगांपुढे मात्र कोरफडीने हात टेकावेत. तिथली कातडी जाड आणि चिरलेली, तिच्यात तैलग्रंथी नाहीतच. कोकणात त्यासाठी कोकमाच्या बियांचं तेल आहे: पांढरट, घट्ट गोळा, तळहातावर घासला की उबेने विरघळतो. रात्री पाय धुऊन ते भेगांत भरायचं आणि वर जुने सुती मोजे चढवायचे.