वेढा आणि गाठ

दोराची कामं दोन. एक बांधायचं, दुसरं ओढायचं. दोन्ही कामांची रीत वेगळी असते, हे आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला शाळेत नाव घालायच्या आधीच शिकवलं होतं. पुढे बंद पडलेल्या मोटारसायकली घरी आणताना ते फार उपयोगी पडलं.

कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात पोळ्याच्या तोंडावर नवे दोर यायचे. मातंग वस्तीतले कारागीर अंबाडीचा वाख आणि केकताडाचे धागे वळून दावी, कासरे, मोटेचे नाडे तयार करायचे. त्याबद्दल बलुत्यात मिळणारं धान्य त्यांच्या कसबाच्या मानानं फारच थोडं होतं, असं आज माझं स्पष्ट मत आहे. मोट हाकणारा माणूस बैल उतारावरून खाली जाताना त्याच ताणलेल्या नाड्यावर बसायचा. बैलजोडी, भरलेली मोट आणि माणूस, सगळ्यांचा भरवसा त्या पिळावर. आबा नवा नाडा हातातून सरकवत तपासायचे. पीळ कुठे सैल लागला की बोट तिथेच थांबायचं.

त्यांचे नियम ठरलेले होते. गाडीवरच्या कडब्याला निरगाठ. गोठ्यातल्या दाव्याला सुरगाठ, कारण आग लागली किंवा जनावराच्या गळ्याला फास बसला तर एका हिसक्यात सुटली पाहिजे. आणि ओढणाऱ्या जनावराचा दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, मुठीतच धरायचा. जनावर उधळलं तर मूठ सोडता येते. मनगटाला गुंडाळलेला दोर माणसाला फरफटत नेतो. गावात तसं एकाचं झालं होतं. त्याचं नाव आबा कधी घेत नसत, पण नियम सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी जुनी राजदूत घेतली. एस्कॉर्ट्स कंपनीची, 175 सीसीची, टू-स्ट्रोक. या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, आणि ते कमी पडलं की पिस्टन तापून जाम होतो. एकदा हतनूरच्या रस्त्यावर तसंच झालं. मागचं चाक कुलूप लागल्यासारखं थांबलं. अण्णांनी लगेच क्लच दाबला म्हणून ते पडले नाहीत. ट्रकवाला म्हणाला, दोर लावा, ओढत नेतो. अण्णांनी त्याला हात जोडले आणि निरोप पाठवून आबांना बोलावलं.

आबा बैलगाडी घेऊन गेले. चौघांनी राजदूत उचलून गाडीत घातली, पुढचं चाक पार पुढच्या आडव्या लाकडाला टेकवलं. मी आबांबरोबर होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांसमोर आहे. त्यांनी मोटारसायकल आयुष्यात कधी बांधली नव्हती, पण ओझं कुठे धरायचं ते त्यांना दिसत होतं. हँडलच्या टोकांना त्यांनी हात लावला नाही. खाली, जिथे पुढच्या चाकाचे दोन्ही पाइप एकत्र येतात त्या जाड लोखंडाला दोर घातला आणि दोन्ही बाजूंना तिरपा ओढून खाली बांधला. मागून सीटखालच्या चौकटीला तसंच. दोर लोखंडाला घासेल तिथे गोणपाट. मग अण्णांना सांगितलं, गाडीच्या अंगावर भार द्या, दाबा. शॉकॲब्सॉर्बर दबले, तेव्हा शेवटची निरगाठ मारली. स्प्रिंगला उसळायला जागा ठेवली की प्रत्येक खड्ड्यात दोर थोडा थोडा सैल होतो. घरी येईपर्यंत राजदूतच्या रंगाला ओरखडासुद्धा नव्हता.

आज लोडिंगच्या गाड्यांत नायलॉनचे पट्टे आणि खटक्यानं आवळणारे लोखंडी आकडे असतात. बांधायच्या जागा मात्र त्याच आहेत.

लग्न होऊन मी पडेगावला आले. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे लहान कारखाने उभे राहत गेले. माझे यजमान त्यातल्याच एकात. सायकलीवरून छावणी आणि नगर नाक्याकडून कामाला जाणारी माणसं बघता बघता मोटारसायकलवर आली. पडेगावचा रस्ता पुढे मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड करत धुळ्याकडे जातो. अवजड ट्रक, लेणी बघायला निघालेल्या बस, आणि श्रावणात शुक्रवारच्या रात्री भद्रा मारुतीला पायी निघालेले हजारो लोक, सगळे याच रस्त्यानं. इथे रोज कुणाची ना कुणाची गाडी बंद पडते. मग टोचन सुरू होतं: मागच्या दुचाकीवाल्यानं बंद गाडीच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलायचं, किंवा सरळ दोर.

मिटमिट्याजवळ मी एक टोचन अगदी जवळून पाहिलं. दोन भाऊ, दोन मोटारसायकली, मध्ये कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. बंद गाडीच्या हँडलला एका बाजूनं पक्की गाठ. पुढच्यानं खड्डा चुकवायला गाडी वळवली, दोरीनं मागचं हँडल खेचलं, आणि मागचा मुलगा क्षणात रस्त्यावर. गाठ सुटली नाही, म्हणून गाडी त्याच्या पायावरून घासत काही अंतर ओढली गेली. त्याच्या पायाचं हाड मोडलं. मागून ट्रक येत नव्हता, म्हणून तो वाचला.

मला मनगटाला गुंडाळलेला तो दोर आठवला. चारचाकी ओढली तर ती फार तर वाकडी जाते. दुचाकीचा तोल हँडलवर असतो, आणि त्याच हँडलला आपण दुसऱ्याच्या हातात बांधून देतो. 1989 च्या रस्ता नियमांत ओढून न्यायच्या वाहनासाठी अटी घातल्या होत्या: दोन वाहनांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत, दोर इतरांना स्पष्ट दिसला पाहिजे, मागच्या वाहनावर परवाना असलेला चालक हवा. मोटारसायकलला एवढंही पुरत नाही. आडरानात, अंधार पडत असताना दुसरा मार्गच नसेल तर गाठ फक्त पुढच्या गाडीला, तीही मधोमध, चौकटीला. मागच्यानं दोराचा एकच वेढा डाव्या फूटरेस्टला किंवा हँडलच्या बुंध्याशी घ्यायचा आणि मोकळं टोक मुठीत धरायचं. तोल जातोय असं वाटलं की मूठ सोडायची. वेढा उलगडतो, दोर निघून जातो, गाडी आपली आपण उभी राहते. जिवंत माणसाला वेढा, निर्जीव ओझ्याला गाठ. आबांनी हेच सांगितलं होतं.

गाडीच्या आतलं नुकसान दिसत नाही, म्हणून त्याची कुणी काळजी करत नाही. माझ्या मुलाच्या गाडीची चेन दौलताबादच्या घाटात तुटली. तुटलेली चेन काढून न घेता गाडी ढकलली, तर ती पुढच्या दातेरी चक्रात गोळा होऊन इंजिनाचं कव्हर फोडू शकते. चेन शाबूत असली तरी लांब ओढताना चाकाबरोबर गिअरबॉक्सचे भाग फिरतात, आणि इंजिन बंद असल्यामुळे त्यांना हवं तसं तेल मिळत नाही. मुलानं चेन काढून पिशवीत ठेवली आणि फोन केला. आम्ही छोटा हत्ती टेम्पो घेऊन गेलो. ही गाडी 2005 साली बाजारात आल्यापासून असल्या कामाला फार मोठी सोय झाली आहे.

चालक पोरगेलासा होता, पण हात जाणता. फळी लावून गाडी चढवताना त्यानं एकाला ब्रेकवर ठेवलं, दोघांना मागून धरायला लावलं. पेट्रोलचा कॉक बंद केला. स्टँड वर घेतला; स्टँडवर उभी करून बांधलेली गाडी हिसक्यात स्टँड वाकवते, कधी त्याची चौकटीवरची जोडणीही फाटते. पुढचं चाक केबिनच्या मागच्या पत्र्याला नीट भिडवलं, मध्ये जुनं टायर. पट्टे चारही कोपऱ्यांना, ब्रेकच्या नळीपासून आणि वायरींपासून लांब. टाकीवरून एकही पट्टा नाही. घाट उतरल्यावर त्यानं न सांगता गाडी बाजूला घेतली आणि प्रत्येक पट्टा पुन्हा ओढून पाहिला. मी त्याला विचारलं, कुणाकडून शिकलास? म्हणाला, वडील जाधववाडीच्या मार्केटात हमाल होते. महाराष्ट्रात माथाडी आणि हमालांसाठी 1969 साली स्वतंत्र कायदा झाला, पण ओझं बांधण्याच्या त्यांच्या विद्येला अजून कुणी विद्या म्हणत नाही. मला ते मनापासून खटकतं. आबा, दोर वळणारे कारागीर, हा पोरगा, सगळे एकाच शाळेचे.

आता उचलून नेण्याची गरज वाढणार आहे. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. बॅटरी पूर्ण उतरली तर अशी गाडी ढकलून, दुसऱ्या गिअरात क्लच सोडून बहुधा चालू होत नाही. विजेवरच्या स्कूटरचं चाक जमिनीवर फिरवत ओढू नये. मोटर चाकालाच जोडलेली असेल तर फिरताना तिच्यात वीज तयार होते आणि आतली यंत्रणा बिघडू शकते. ती गाडी उचलूनच न्यायची.

म्हणून या रस्त्यावर राहणारी एक बाई म्हणून एवढीच विनंती आहे. गाडी बंद पडली तर आधी ती रस्त्याच्या कडेला घ्या, दिवे लावा आणि घरी फोन करा. भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी दुचाकीला दुचाकी बांधू नका. लोडिंगची गाडी मागवा, आपण जवळ उभे राहा, पट्टे खाली आणि चौकटीलाच लागलेत ना ते बघा, आणि वाटेत एकदा थांबून तपासायला सांगा. बांधणाऱ्याला त्याच्या कसबाचे पैसे घासाघीस न करता द्या.