काळू नदीच्या काठाने

आपल्या कोपरीला लागून असलेली ठाण्याची खाडी एका अरुंद फाट्याने उल्हास नदीशी जोडलेली आहे. उल्हासचे नाव सर्वांना परिचित असते. तिला कल्याणच्या अलीकडे येऊन मिळणाऱ्या काळू नदीची मात्र फारशी कोणी दखल घेत नाही. टिटवाळ्याच्या महागणपतीला जाणारे भाविकसुद्धा नदी न पाहताच परततात.

काळूचा उगम माळशेज घाटाच्या परिसरात, हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेत होतो. घाटमाथ्यावरून ती थेट कोकणात उडी घेते व मुरबाड तालुका ओलांडून टिटवाळ्याकडे येते. तेथे शहापूरकडून आलेली भातसा तिला मिळते. अंतर थोडे, उतार तीव्र आणि खाली काळा कातळ. त्यामुळे पडलेले पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. टिटवाळ्याहून रुंद्याला जाणारा पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जायचा, तो याच कारणाने. नदीचा भर आपल्या साधु-साध्वींच्या चातुर्मासाएवढाच. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि चैत्र-वैशाखात ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमा चार महिन्यांची आणि खर्च बारा महिन्यांचा. बँकेच्या नोकरीत मुरबाडकडील विहिरींची व पंपांची कर्जप्रकरणे नजरेखालून जात, तेव्हा भातशेतीच्या या मुलखात सिंचनासाठी इतके अर्ज का येतात याचे नवल वाटे. उन्हाळ्यात नदीचे पात्र पाहिल्यावर ते उरले नाही.

व्यापारी कुटुंबांना या खोऱ्याबद्दल अधिक आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. जुन्नरहून नाणेघाट उतरलेला माल वैशाखरे, मुरबाड या वाटेने कल्याण बंदरात येत असे. घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात जमा होत, असे परंपरा सांगते. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेले आहेत. बैलांचे तांडे याच मुलखातून गेले. त्यांना पाणी लागले असणार, ते या ओढ्या-नद्यांनीच पुरविले असणार.

आज याच पाण्यावर महानगराची दृष्टी आहे. भातसेचे पाणी मुंबईला जाते, हे सर्वांना माहीत आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या पिण्याच्या पाण्यासाठी काळूवरही मुरबाड तालुक्यात धरणाचे काम सुरू झाले होते. त्यात जवळजवळ हजार हेक्टर वनजमीन जाणार होती आणि ठाकर, कातकरी यांसारख्या आदिवासींची गावे बाधित होणार होती. वनखात्याची आवश्यक मंजुरी न घेताच बांधकाम चालल्याचा आक्षेप घेऊन श्रमिक मुक्ती संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली व २०१२ साली कामाला स्थगिती मिळाली. तोवर बरेच काम झालेही होते. तारण तपासण्यापूर्वीच कर्ज वाटावे, तसा हा व्यवहार मला वाटतो. शहराला पाणी हवे, हे खरेच. कोपरीतला नळ कोरडा पडला तर मीही तक्रार करीन. परंतु ज्यांची शेते व घरे पाण्याखाली जायची, त्यांची संमती आणि त्यांची पर्यायी जमीन हा हिशेब पहिल्या पानावर यायला हवा होता.

काळू पाहायची असल्यास आश्विनात जावे. पाऊस ओसरलेला असतो, भात पिवळा पडू लागलेला असतो आणि पात्रात अजून वाहते पाणी असते. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाल्यास एका दिवसात सूर्यास्तापूर्वी घरी परतता येते.