पट्टी

आईने लॅपटॉपवरचं रंगीत डोकं पाहिलं आणि विचारलं, "ह्यात माझी पट्टी आहे का?"

नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती स्कूटरवरून पडली, तेव्हा डाव्या कानाच्या वर, कवटीत टायटॅनियमची पातळ पट्टी बसवली. तेव्हापासून त्या कानाला फोन लावायला ती बिचकते. आणि माझी नोकरीच ही: फोनच्या लहरी डोक्यात किती मुरतात, ते कोडने काढायचं.

फोनची अधिकृत चाचणी होते ते नमुना-डोकं अमेरिकी सैनिकांच्या मापांवरून बनवलंय. आत हाड नाही, मेंदू नाही, नुसता द्रव. भारतातली मर्यादा एक ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॅट प्रति किलो. माझ्या स्क्रीनवरचं डोकं जरा खरं होतं, पण आईचं नव्हतं.

आमची पद्धत केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली. जागेचे बारीक ठोकळे पाडायचे. उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घालावं, तसं एकदा विद्युत क्षेत्र काढायचं, अर्ध्या पावलाने चुंबकीय. प्रत्येक ठोकळ्याला त्याच्या पदार्थाचे आकडे द्यायचे. ९०० मेगाहर्ट्झला स्नायूची पर्मिटिव्हिटी साधारण ५५, चरबीची साडेपाच. हवेत ३३ सेंटीमीटरची लहर स्नायूत साडेचार सेंटीमीटरवर येते, आणि प्रत्येक सीमेवर थोडी मागे फिरते.

रात्री पट्टी टाकायला बसलो. ती अर्धा मिलीमीटर जाड, माझा ठोकळा एक मिलीमीटरचा. ठोकळा निम्मा केला की संख्या आठपट. वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं, नाहीतर आकडे फुगत जाऊन सगळं उधळतं. म्हणजे सोळापट काम. तेही चाललं असतं. पण पट्टी नेमकी कुठे? फाइलमध्ये फक्त 'डावी बाजू'.

सकाळी आईला खुर्चीत बसवलं, शिवणाची टेप घेतली आणि तिचे केस बाजूला केले. अपघातानंतर मी तिथे पहिल्यांदाच हात लावत होतो. व्रण माझ्या समजुतीपेक्षा लांब होता.

दोन रात्री मशीन चाललं. सरासरी मर्यादेच्या आत आली, पण फोन जरा तिरका धरला की पट्टीच्या कडेचा लाल ठिपका सरकायचा.

"म्हणजे काय ते सांग," आई म्हणाली.

"भिण्यासारखं दिसत नाही. पण हे डोकंही पूर्ण तुझं नाही. अंदाज आहे."

"चालेल," ती म्हणाली, आणि मावशीला फोन लावला. उजव्याच कानाला.