पंखा फिरतो, पण चित्र नाही

यंत्र अडले की माणसांना निकाल देण्याची मोठी घाई होते. ‘मेले’, ‘जळाले’, ‘गेले’ हे शब्द जणू ओठांवरच असतात. शोध घ्यायला वेळ लागतो. निकालाला क्षणही पुरतो.

कॉलेज सुटल्यावर मी बाजारपेठेतील एका फ्लेक्सच्या दुकानात रोजावर काम करतो. माझी फी आणि एस.टी.चा पास त्यातूनच निघतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, शेठनी दुकानातील संगणकासाठी एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणले. मोठे फ्लेक्स जुळवताना तो संगणक फार रेंगाळत असे. कारागिराने कार्ड बसवले, बटण दाबले. कार्डावरचा पंखा गरगर फिरू लागला. पडदा मात्र काळा. त्यावर ‘नो सिग्नल’ एवढे दोनच शब्द! “कार्ड मेलेलं आहे,” असे सांगून कारागीर निघून गेला.

“चार हजार पाण्यात गेले,” शेठ म्हणाले. “आता मशीन जिल्ह्याला पाठवतो. तू आठ दिवस येऊ नकोस.”

आठ दिवस म्हणजे आठ रोज! मी त्यांच्याकडे एक तास मागून घेतला.

त्याच वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही जॉन स्टुअर्ट मिल शिकलो होतो. कारण शोधण्याच्या पद्धती त्याने १८४३ च्या आपल्या ग्रंथात मांडल्या. त्यांपैकी व्यतिरेक पद्धती अशी : दोन प्रसंगांत बाकी सारे सारखे असेल, फरक एकाच गोष्टीचा असेल, आणि परिणाम एकात घडून दुसऱ्यात घडत नसेल, तर कारण त्या फरकाशी निगडित असते.

पण हे मी मिलच्या आधी विहिरीवर पाहिले होते. आमचे अण्णा शाळेची पायरी चढलेले नाहीत. मोटार फिरते पण पाणी येत नाही, असे झाले की शेजारी ‘मोटार जळाली’ म्हणून मोकळे होतात. अण्णा म्हणतात, “जळाली असती तर फिरली असती व्हय?” मग ते पाइपात पाणी भरून पाहतात, फूटव्हॉल्व्ह पाहतात, हवा कुठून शिरते ते पाहतात. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा त्यांचा दंडक.

मी तेच केले. वीज बंद करून वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवली आणि कार्ड काढून ठेवले. मॉनिटरची केबल थेट मदरबोर्डला लावली. चित्र आले! म्हणजे मॉनिटर, केबल, रॅम, प्रोसेसर सारे ठीक. दोष कार्डात, नाहीतर त्याच्या जोडणीत. मग पुन्हा वीज तोडून कार्ड खटका वाजेपर्यंत स्लॉटमध्ये बसवले आणि केबल कार्डाला लावली. पुन्हा काळोख. आता कार्डाच्या कडेकडे लक्ष गेले. तिथे सहा टोकांची एक खोबण रिकामी होती आणि तिच्यात बसणारी पॉवर सप्लायची वायर मागे गुंडाळून बांधलेली होती.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. ज्याला अधिक लागते त्याला वेगळी वायर द्यावी लागते. सहा टोकांच्या वायरीतून आणखी ७५ वॅट मिळतात. पंखा फिरायला स्लॉटची वीज पुरली होती, पण त्या वायरीवाचून कार्ड कामाला हात लावत नव्हते. वायर जोडली आणि पडदा उजळला.

समजा, तेव्हाही काळोखच राहिला असता, तर बायोसची सेटिंग पाहायची होती. आणि शेवटी ते कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहायचे होते. ‘मेले’ हा शब्द त्यानंतरचा.

शेठनी विचारले, “कुठं शिकलास रे हे?” मी म्हणालो, “कॉलेजात.” उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे त्या वेळी विहिरीवर पाणी धरीत होते.

मी बी.ए.ला नाव घातले तेव्हा गावातील पुष्कळांनी निकाल देऊन टाकला होता : ‘आर्ट्‌सला गेलं, पोरगं वाया गेलं.’ त्यांना माझे एवढेच विचारणे आहे, कोणकोणत्या वायरी तपासून पाहिल्यात?